‘वॉकर’ म्हणजे चालणारा नव्हे

संपादक महोदय,

‘वॉकर’ या इंग्रजी आडनावाचा अर्थ सर्रास ‘चालणारा’ असा सांगितला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड शिळ्या मूत्रात किंवा मुलतानी मातीच्या पाण्यात पायांनी तुडवायचं, म्हणजे तेल निघून वीण घट्ट होते. हे काम करणारा इंग्लंडच्या उत्तरेकडे वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर. आडनावावरून प्रांताचा अंदाज येतो, पण नातं सिद्ध होत नाही; गावोगावी वेगळे वॉकर होते. म्हणून पूर्वजांचा शोध आजच्या पिढीपासून मागे मागे जात घ्यावा. १८३७ पासूनच्या सरकारी विवाहनोंदीत वर-वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो. त्याआधीसाठी १५३८ पासूनच्या चर्चच्या नोंदवह्या बघाव्यात.

– एक वाचक