भाड्याच्या ई-स्कूटरने धडक दिली, तर भरपाई कोणाकडे मागायची?

महोदय,

विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात माझी सारी नोकरी झाली. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना उलट्या दिशेने आलेल्या भाड्याच्या ई-स्कूटरने धडक दिली. मनगटात प्लेट बसवावी लागली. पार्सल पोचवणारा तो पोरगा पळाला नाही, रिक्षा त्यानेच थांबवली. पण त्याच्या खिशातून काय निघणार? स्कूटरवाल्या कंपनीने चालकाने मान्य केलेल्या अटींकडे बोट दाखवलं. काकूंचा मुलगा माझ्याकडे आला, ‘काका, क्लेम कुठे टाकायचा?’

कुठेच नाही. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनच नव्हे. त्यामुळे लायसन्स नको, नंबरप्लेट नको आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६चा सक्तीचा थर्ड पार्टी, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमाही नको. अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार बंद. उरतो दिवाणी दावा. मनगटाच्या बिलासाठी तिथे कोण खेटे घालणार?

नोंदणी झालेली मोठी ई-स्कूटर भाड्याने घेतली, तर थर्ड पार्टी असते, पण चालवणाऱ्याचं काय? १५ लाखांचं सक्तीचं अपघात कवच गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी. मालक कंपनी असेल, तर भाडेकरूला त्यातून छदाम मिळत नाही.

विमा कंपन्यांना इथे धंदा दिसत कसा नाही, याचं मला नवल वाटतं. २०२२च्या दरपत्रकात ३ किलोवॅटपर्यंतच्या ई-दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ४५७ रुपये होता, म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. भाड्याची गाडी दिवसभर पळते, जोखीम जास्त, तिप्पट धरा. तरी कटिंग चहा महाग पडेल! शिवाय हाताशी माहिती केवढी. आमच्या काळी पंचनाम्यात वेगाच्या जागी ‘भरधाव’ एवढंच लिहिलेलं असायचं, त्यावर वर्षानुवर्षं वाद. इथे गाडी कुठे होती, किती वेगात होती, कोणाच्या नावावर होती, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. किलोमीटरमागे हप्ता लावून कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून, दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी एकच दायित्व पॉलिसी काढणं अवघड नाही. जर्मनीत २०१९पासून विम्याच्या स्टिकरशिवाय ई-स्कूटर रस्त्यावर आणताच येत नाही, भाड्याचीसुद्धा. स्टिकरचा रंग दरवर्षी बदलतो, त्यामुळे जुना विमा लांबूनच ओळखू येतो.

केंद्राचा कायदा बदलेपर्यंत थांबायला नको. महापालिकेने अशा गाड्यांना पार्किंगची जागा देतानाच पादचाऱ्यांसाठी विम्याची अट घालावी. आणि पॉलिसीचा व क्लेमचा नंबर गाडीच्या मागे ठळक छापायला लावावा. नुसता ॲपमध्ये नको. काकूंच्या फोनमध्ये ते ॲप नाही.

– एक निवृत्त विमा अधिकारी, कर्वेनगर, पुणे