फँटसी ड्राफ्ट: नुसते यार्ड पाहू नका

महोदय,

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, हंगाम तोंडावर आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्याही फँटसी लीग रंगतात: खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक निवडताना अनेक जण त्याने गेल्या वर्षी धावून काढलेले यार्ड तेवढे बघतात. तिथेच गणित चुकते.

आधी लीगचे गुणांकन वाचावे. साधारणपणे दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला (चेंडू गोल रेषेपार नेण्याला) सहा. पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन) लीगमध्ये प्रत्येक झेलाला आणखी एक, म्हणजे एक झेल दहा यार्ड धावण्याइतका. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०२३ मध्ये ६७ झेल घेतले. निव्वळ झेलांचेच ६७ गुण. डेरिक हेन्रीने २०२४ मध्ये १,९२१ यार्ड काढले, पण झेल १९. झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये हेन्रीचा भाव वाढतो तो यामुळे.

गोल रेषेजवळ चेंडू कोणाकडे जातो, हे तर तपासायलाच हवे. सॅक्वॉन बार्कलीने २०२४ मध्ये २,००५ यार्ड धावून १३ टचडाउन केले. त्याच्याच ईगल्स संघाच्या क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून चाली रचणाऱ्या खेळाडूने), जेलन हर्ट्‌सने, धावून १४. एक यार्ड उरला की हर्ट्‌सला मागून ढकलून आत घालायचे, ही ईगल्सची ठरलेली चाल. बार्कलीचे हक्काचे सहा गुण तिथे जातात.

प्रति धाव सरासरी यार्डांवर भिस्त ठेवू नये. सत्तर यार्डांची एकच धाव ती फुगवते. त्यापेक्षा दर सामन्यात धावा आणि झेल मिळून चेंडू किती वेळा हाती येतो, ते मोजावे.

आणि महागड्या खेळाडूचा बदली शेवटच्या फेऱ्यांत जरूर घ्यावा. मॅकॅफ्री २०२४ मध्ये चारच सामने खेळला. त्याचा बदली जॉर्डन मेसन हाताशी असलेले फँटसी संघ तरले.

– एक वाचक, न्यू जर्सी