ताई, बोटीवर राहून काम कसं करायचं ते तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल

ताई, नमस्कार,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण बोटीवर राहायला गेलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच पडतो की पैसे कुठून येणार, आणि त्यावर "लॅपटॉप घ्या न् ऑनलाइन काम करा" यापलीकडे कोणी काही सांगत नाही. तुम्ही सांगितलंत. आणि नुसतं सांगून मोकळ्या नाही झालात, शेजारी नांगर टाकून होतात तोवर रोज आमच्या बोटीवर येऊन बसलात.

तेव्हा मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघंही खूप टेन्शनमध्ये होतो. माझं काम चॅट सपोर्टचं, म्हणजे ठरलेल्या वेळी ऑनलाइन पाहिजेच, आणि इकडे वारा फिरला की नांगर उचलून दुसरा आडोसा गाठावा लागायचा, मग त्या दिवसाची शिफ्ट गेली आणि क्लायंटचा वैतागलेला मेल आला, हे ठरलेलंच. मी तुम्हाला विचारलं होतं की नेट चांगलं कसं करायचं. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "चार दिवस नेट नसलं तर कामाचं काय बिघडेल?" ज्याचं काही बिघडत नाही ते काम बोटीवर घ्यायचं, बाकीचं किनाऱ्यावरच्यांना करू दे. या एका प्रश्नाने आमचं सगळं गणितच बदललं, खरंच सांगते.

मग तुम्ही एकेक काम घेऊन बसलात. प्रूफरीडिंग, भाषांतर, पुस्तकाच्या शेवटी असते ती सूची करणं, छोट्या धंद्यांचे महिन्याचे हिशेब, रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं. या सगळ्यात फाइल एकदा उतरवून घेतली की नेट बंद, काम झालं की परत पाठवायची, आणि मुदत आठवड्याची असते, तासाची नसते. फाइलचे आकार तर तुम्ही मला पाठच करायला लावलेत. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीत मराठीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं तरी हजार शब्दांचा मजकूर साधारण 20 केबीत बसतो. जुना इरिडियमचा सॅटेलाइट फोन सेकंदाला जेमतेम 2.4 किलोबिट देतो, त्यावर एक एमबी पाठवायला जवळजवळ तास लागतो, पण हे 20 केबी मिनिट-सव्वा मिनिटात जातात. आणि तासाभराचं रेकॉर्डिंग सीडीच्या क्वालिटीत 600 एमबीच्या वर जातं, तेच क्लायंटला सांगून 32 केबीपीएस मोनो (म्हणजे सेकंदाला 32 किलोबिट, एकाच चॅनलचं) करून घेतलं तर 15 एमबीच्या आत. बोलणं ऐकून टाइप करायला तेवढं पुरतं. हे क्लायंटला आधीच सांगायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आता मी पहिल्याच मेलमध्ये लिहिते, अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

विजेचं पण तसंच. तुम्ही पाटावर वही ठेवून आमच्याकडच्या प्रत्येक वस्तूचे वॉट लिहायला लावलेत. लॅपटॉप 40 वॉटचा धरला तर पाच तासांचे 200 वॉट-तास. आमची लेड अॅसिड बॅटरी 12 व्होल्ट 100 अँपिअर-तासाची, ती अर्ध्याखाली उतरवली तर आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणजे हातात 600 वॉट-तास, आणि त्यातच फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप. सॅटेलाइट इंटरनेटची मोठी डिश 50 ते 75 वॉट ओढते, ती दिवसरात्र चालू ठेवली तर हजाराच्या वर सहज जातं, म्हणजे बॅटरी एकटी डिशच संपवणार. पण काम थांबू शकत असेल तर डिश दिवसातून तासभरच लावायची, फाइली खाली-वर करायच्या आणि बंद. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लावून 12 चे 230 करायचे आणि चार्जरने परत खाली आणायचे ही वीज वाया घालवणं आहे, सरळ 12 व्होल्टवर चालणारा यूएसबी-सी चार्जर लावा, हे पण तुमचंच.

आणि तो फोन! तुम्ही माझा फोन हॉटस्पॉट लावून वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घातलात, पाऊच शीड चढवायच्या दोरीला दोन गाठी मारून बांधलात, खालून दुसरी दोरी लावलीत म्हणजे वाऱ्याने डोलकाठीवर आपटायला नको, आणि हळूहळू वर ओढलात. डेकवर उभं राहून दोन मीटरवरून क्षितिज 5 किलोमीटरवर असतं, 12 मीटरवरून 12 च्या पुढे जातं, त्यामुळे लांबचा टॉवर फोनला दिसायला लागतो. खाली केबिनमध्ये लॅपटॉपवर मेल धडाधड उतरायला लागले तेव्हा हा माझ्याकडे बघतच राहिला.

तुम्ही गोड गोड बोलला नाहीत याचे आभार वेगळे. टायपिंगचं काम आता बरंचसं मशीन करतं, माणसाकडे येतं ते मशीनचं चुकलेलं दुरुस्त करायला, आणि त्याचे दर कमी असतात, म्हणून एकट्या त्यावर राहू नका, हे स्पष्ट सांगितलंत. काम द्यायच्या आधी रजिस्ट्रेशनचे पैसे मागणाऱ्याला उत्तरही द्यायचं नाही. हॅम रेडिओवरून फुकट मेल जातात म्हणून त्यावर क्लायंटची कामं पाठवायची नाहीत, ते बँड हौशी लोकांसाठी आहेत, कमाईसाठी वापरायला मनाई आहे. आणि टुरिस्ट व्हिसावर दुसऱ्या देशात नांगर टाकून बसलात तर क्लायंट कुठलाही असो, तिथे काम करायला परवानगी आहे का ते आधी विचारायचं, कारण बऱ्याच देशांत नसते. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर लोक सगळ्यात कमी बोलतात.

आता आमचं असं चाललंय की प्रवासात काम अजिबात नाही, बोट हलत असताना स्क्रीनकडे बघून पोटात ढवळतंच, नांगर टाकला की सकाळी डोकं शांत असताना प्रूफं आणि दुपारी ऊन चांगलं असतं तेव्हा चार्जिंग आणि पाठवापाठवी. फाइलींच्या दोन प्रती, एक पेनड्राइव्हवर वेगळ्या ड्राय बॅगमध्ये. हा दोन दुकानांचे हिशेब सांभाळतो, मला एक प्रकाशक नियमित काम देतात. चॅटचं काम मी सोडलं. पैसे त्यापेक्षा थोडे कमी आहेत, पण वाऱ्याचा अंदाज बघताना आता छातीत धडधडत नाही आणि निघायचं की थांबायचं हे आम्ही हवा बघून ठरवतो, शिफ्ट बघून नाही. समुद्रावर याची किंमत काय असते ते तुम्हाला मी काय सांगणार.

ताई, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, वर तुमचा एक जुना क्लायंट आम्हाला जोडून दिलात. मनापासून आभार. सूची करायला शिकवायचं तेवढं राहिलंय, पाऊसपाणी बघून तुम्ही इकडे येणार असाल तर कळवा, मी एक पुस्तक सरावाला घेऊन ठेवलंय आणि पहिल्या तीन प्रकरणांच्या नोंदी काढून झाल्यात, त्या तुम्हीच तपासायच्या आहेत.

तुमची,
शेजारच्या बोटीवरची