डोक्याला मार लागला तर नाकाचीही चौकशी करा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डोक्याला मार लागून दवाखान्यात आलेल्या माणसाला दिसतं का, ऐकू येतं का, हातपाय हलतात का, नाव-गाव आठवतं का, हे सगळं विचारतात. वास येतो का, हे कुणी विचारत नाही. मलाही कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि आपण ते छापावं अशी कळकळीची विनंती आहे.

मी कोल्हापुरात घरगुती चटणी आणि मसाले करून विकते. चटणी म्हणजे आमच्याकडची कांदा-लसणाची, वर्षाची. सासूबाईंनी सुरू केलेलं काम आम्ही दोघी जावा आजही करतो. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. खोबरं, तीळ, धने, खसखस, दगडफूल, नागकेशर सगळं घरी भाजायचं आणि कांडपाला द्यायचं. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात न्हाणीच्या दारात माझा पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू उंबऱ्यावर आपटली. दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन झाला, रिपोर्ट नॉर्मल आला. एक रात्र ठेवून घेतलं, चक्कर-उलटी झाली तर परत या म्हणून सांगितलं आणि घरी सोडलं. उपचारात काही कमी केलं असं माझं म्हणणं नाही. जीव वाचला ना, या भावनेनं आम्ही सगळे घरी आलो.

जेवण पांचट लागायचं. आम्हाला वाटलं, गोळ्यांनी तोंडाची चव गेली असेल. मग एके दिवशी वरणाला फोडणी द्यायला हिंगाची डबी उघडली. आमची डबी पत्र्याची, घट्ट झाकणाची; झाकण निघालं की दुसऱ्या खोलीतल्या माणसाला कळतं. मी डबी नाकाशी नेली. काही नाही. बोटावर हिंग घेऊन नाकपुडीला लावला. काही नाही. मग लवंग, कापूर, रॉकेलची बाटली, मुलाचे खेळून आलेले मोजे, जे सापडेल ते हुंगत घरभर फिरले. जाऊबाई मागून विचारत होत्या, काय शोधताय? मला उत्तर देता येईना.

सगळ्यात कठीण गेलं ते घरच्यांना पटवणं. कारण मिरची भाजताना मलाही ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. नवरा म्हणायचा, वास येत नाही तर खोकतेस कशी? पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. मिरचीचा ठसका, निलगिरीचा गारवा, अमोनियाचा झणका हे वासाच्या नसेचं काम नाही. चेहऱ्याला संवेदना देणारी नस वेगळी, ती शाबूत असते. वासाच्या नसांचे बारीक धागे नाकाच्या छतातून, चाळणीसारख्या भोकं असलेल्या एका पातळ हाडातून वर मेंदूकडे जातात. डोकं जोरात आपटलं की मेंदू आतल्या आत हिसका खातो आणि हे धागे त्या भोकांपाशी तुटतात. मागच्या बाजूला मार बसला तर हे जास्त घडतं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसेलच असं नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आणि नाक बंद, असं होऊ शकतं. एवढं ऐकल्यावर नवरा गप्प झाला. घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं, तुला जेवताना नेमकं काय कळतं?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, म्हणून त्याचं उत्तर इथंही देते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं. मटणाच्या रश्श्याचा दाटपणा कळतो. तिखट जळजळ म्हणून कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतेक वास असतो, घास चावताना घशामागून नाकात चढणारा. वाचकांनी नाक घट्ट दाबून श्रीखंडाचा एक चमचा खाऊन पाहावा. आंबट-गोड आणि गार एवढंच लागेल. केशर नाही, वेलदोडा नाही. मग नाक सोडा, सगळं एकदम परत येईल. माझ्यासाठी तांबडा रस्सा म्हणजे गरम, खारट आणि झोंबणारं पाणी. पांढरा म्हणजे गरम आणि मऊ. बायका विचारतात, मग वजन उतरलं असेल? सुरुवातीला उतरलं. नंतर मीठ आणि साखर हातून जास्त पडायला लागली, कारण जिभेला तेवढंच कळत होतं. ज्यांना बीपी किंवा साखरेचा त्रास आहे त्यांनी यात फार जपायला हवं.

‘आमचाही गेला होता कोरोनात, आला की परत’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय! लोक धीर द्यायला म्हणतात, त्यांचा राग येत नाही. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं वास-चव जाणं हे कोरोनाच्या लक्षणांत घातलं आणि तेव्हा कुठं घराघरांत या विषयावर बोलणं झालं. पण त्या आजारात विषाणू मुख्यतः वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. त्या भरून आल्या की बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो. माझं तसं नाही. धागेच तुटले आहेत. वासाच्या पेशी शरीरात आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात ही खरी गोष्ट, पण हाडाच्या भोकांपाशी व्रण धरला असेल तर नव्या धाग्यांना वाट मिळत नाही. आणि कोरोनानंतरही काहींचा वास आजवर परतलेला नाही. त्यांनाही लोक हेच वाक्य ऐकवतात.

आता कामाचं. मसाला कधी उतरवायचा हे नाक सांगतं. पाककृतीच्या कुठल्याही पुस्तकात ‘खमंग वास सुटेपर्यंत भाजा’ असंच लिहिलेलं असतं, मिनिटं कुणी लिहीत नाही. धने तडतडतात, तीळ फुटतात, खोबरं रंग बदलतं, इथवर डोळा-कान साथ देतात. पण मेथ्या आणि दगडफूल? दगडफूल भाजताना रंग फारसा बदलत नाही. वास उघडला तो क्षण आणि करपला तो क्षण यांत फार अंतर नसतं. आता जाऊबाई चुलीपाशी उभ्या राहतात आणि त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय मी कढई उतरवत नाही. पूर्वी मिरची विकत घेताना मी लक्ष्मीपुरीत पोत्यात हात घालून मूठभर मिरची हुंगायची. ओल धरलेली लगेच ओळखू यायची. आता देठ मोडून, बी हलवून, बोटांनी चाचपून घेते. माल आजही चांगलाच होतो, गिऱ्हाईक तुटलेलं नाही. पण जे हुंगून माझ्या सासूबाईंनी मला पोटच्या पोरीसारखं शिकवलं, ते मला माझ्या सुनेला शिकवता येत नाही. जाऊबाई शिकवतात. मी मापं सांगते.

नातू झाला तेव्हा सुनेची आई बाळाला अंघोळ घालून ओवा-वावडिंगाची धुरी द्यायच्या. धुरी दिलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं पोर माझ्या मांडीवर ठेवलं की घरातल्या बायका त्याच्या टाळूशी नाक नेऊन म्हणायच्या, अगंबाई, काय वास येतोय! मीही नाक नेत होते. माझ्या दोन्ही पोरांचा तो वास मला पक्का ठाऊक आहे, असं मनात म्हणत होते. पण आठवायला गेलं की आठवत नाही. चेहरा मिटल्या डोळ्यांपुढं आणता येतो, वास तसा आणता येत नाही. या गोष्टीचं मला फार दुःख आहे आणि त्यावर औषध नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिते आहे ते. या उन्हाळ्यात मी स्वयंपाकघरात खाली बसून मिरच्यांचे देठ काढत होते. शेगडीवर बारीक आचेवर आमटी होती. खिडकीतल्या वाऱ्यानं आच विझली आणि गॅस सुटत राहिला. मुलगा बाहेरून आला तो दारातूनच ओरडला. त्यानं रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, मला हाताला धरून अंगणात नेलं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. माझा भाचा केमिकल इंजिनिअर आहे, त्यानं सांगितलं की १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाच्या नैसर्गिक गॅसचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. त्यानंतर तिथं गॅसला वास देण्याची सक्ती झाली. म्हणजे घराघरातल्या सिलिंडरची सगळी राखण घरातल्या नाकावर सोपवलेली आहे. ज्याचं नाक चालत नाही, त्याला हे निदान कुणी सांगायला तरी नको का?

आम्ही गॅस गळतीचा अलार्म आणून बसवला. वाचकांनी ध्यानात ठेवावं: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, म्हणून अलार्म भिंतीवर खालच्या बाजूला लावायचा. पाइपलाइनचा गॅस हलका, त्याचा अलार्म वर छताजवळ. रात्री आणि बाहेर जाताना रेग्युलेटर बंद. गळतीचा संशय आला तर विजेचं बटण दाबायचं नाही, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. वास न येणारी व्यक्ती घरात एकटी असेल तर शेजाऱ्यांना तसं सांगून ठेवावं. म्हातारपणी वास हळूहळू कमी होतो आणि त्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही, तेव्हा एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या घरी हा अलार्म लावाच.

उपचार म्हणाल तर डॉक्टरांनी वासाचा व्यायाम दिला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, मन लावून, निदान तीन महिने हुंगायचे. खर्च जवळजवळ नाही. मी आजही करते. अलीकडे कांदा परतताना काहीतरी जळक्या रबरासारखं नाकात येतं. नको वाटतं, पण डॉक्टर म्हणाले की नसा पुन्हा जोडल्या जाताना असं होऊ शकतं, तेव्हा मी ते सोसते. माराच्या रुग्णांत वास परतण्याची शक्यता कोरोनावाल्यांपेक्षा कमी, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्पष्ट सांगितलं याचं मला बरं वाटलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात वास जाणं नाही. मला सर्टिफिकेट नको, सवलतही नको. अंध किंवा कर्णबधिर माणसाच्या अडचणींशी मी माझी बरोबरी करणार नाही. माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्याआधी, नाहीतर पहिल्या तपासणीला, डोळे मिटायला सांगून एकेका नाकपुडीशी कॉफी, साबण, लवंग धरून पाहावं. स्पिरिट किंवा बाम धरू नये, त्यांचा झणका वास नसतानाही कळतो. दोन मिनिटांचं काम आहे, नर्सताईही करू शकतील. आपल्याकडे दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेली तरुण पोरं रोज दवाखान्यात येतात. त्यांतल्या कितीजणांचा वास गेला असेल आणि ती नुसती ‘जेवण जात नाही’ म्हणून घरच्यांची बोलणी खात असतील!

दुसरी मागणी गॅस वितरकांकडे. सुरक्षा तपासणीला माणूस घरी येतो, नळी आणि शेगडी बघतो. त्याच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: घरात वास न येणारं कुणी आहे का? उत्तर ‘हो’ आलं तर अलार्म कसा आणि कुठं लावायचा हे त्यानं त्याच वेळी दाखवून द्यावं.

आपली नियमित वाचक,
कोल्हापूर