गिरणीच्या वह्या टाकू नका

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी बाबांनी डोळ्याला ताण देऊ नये, आईनेच वाचून दाखवावं. (आणि आई, मधलं गाळायचं नाही.)

मिडटर्मला लिनिअर अल्जेब्रात, म्हणजे पुष्कळ समीकरणं एकदम सोडवायच्या गणितात, ३० पैकी ११ पडले. फोनवर बाबा म्हणाले, "इकॉनॉमिक्सला गेलीस ना, मग गणितवाल्यांच्या वर्गात काय करतेस?" तेव्हा मला बोलता आलं नाही.

बाबा, आपली गिरणी विजेवर चालायची. वीज कोळशावर, आणि कोळशाच्या खाणीतले पंप पुन्हा विजेवर. धरा, रुपयाच्या विजेला २० पैशांचा कोळसा लागतो आणि रुपयाच्या कोळशाला १० पैशांची वीज. गिऱ्हाइकांना १०० रुपयांची वीज द्यायची तर बनवायची किती? १०२ रुपये ४ पैसे! विजेला कोळसा, त्याला वीज, तिला पुन्हा चिमूटभर कोळसा. दोन धंद्यांचं हे गणित तुमच्या खतावणीतही बसेल. लिओंटिएफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये हार्वर्डला अमेरिकेच्या धंद्यांची अशीच ४२ समीकरणं मांडली, तर संगणक ५६ तास चालला. पुढे १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आमच्या इकॉनॉमिक्सच्या तासाला एवढंच असतं: या देवघेवीच्या आकड्यांचा तक्ता (मॅट्रिक्स) मांडा, त्यावरून इन्व्हर्स, म्हणजे उलटा तक्ता, काढा, गुणा, उत्तर लिहा. त्यात मला मार्कही चांगले पडतात. पण ही साखळी थांबते कशी, कोळसा उणे का येत नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. गणितवाले विचारतात. मॅट्रिक्सची सगळ्यात मोठी आयगेन व्हॅल्यू, म्हणजे फेरीगणिक मागणी साधारण किती पट होते तो आकडा, १ पेक्षा कमी असली, तर फेरीगणिक मागणी विरत जाते. १ च्या वर गेली, तर किलोभर दळायला सव्वा किलो पीठ खाणारी गिरणी!

अडतं ते सिद्धतेत. प्रश्नात आकडा एकही नसतो, नुसतं 'दाखवा की'. परवा एका गणिताला चार दिवस लागले. शेवटी उत्तर पाच ओळींचं निघालं, रूममेट हसली.

विषय सोडायची मुदत शुक्रवारी संपली. मी सोडलेला नाही.

गिरणीच्या जुन्या वह्या आणि लाइट बिलं रद्दीत घालू नका. दिवाळीला येते तेव्हा मला हवी आहेत. आईने गुडघ्याला शेक घ्यावा.

तुमची,
धाकटी