आईच्या दुखण्याची आणेवारी लावणाऱ्या सिस्टर्सना

सिस्टर्स, सप्रेम नमस्कार.

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात माझी आई बायकांच्या वॉर्डात होती, तेव्हा तुम्ही तिघी आळीपाळीने तिच्या उशाशी होतात. एक सुरगाण्याच्या, एक केरळच्या, एक मणिपूरच्या. नावं मुद्दाम लिहीत नाही. पण तुम्ही केलंत ते चारचौघांत सांगावं, असं घरी सगळ्यांनाच वाटतं.

आईचा डावा गुडघा बदलला. निफाडच्या मळ्यात द्राक्षाच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत उभी राहणारी ही बाई. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, असं विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "आहे थोडं. चालायचंच." चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला तर तिने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, कारण विचारणाऱ्या पोरीला वाईट वाटायला नको!

सुरगाण्याच्या सिस्टर, तुम्ही तो तक्ता बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "मावशी, पिकाची आणेवारी लावतात ना, तशी लावा. सोळा आण्यांतले किती आणे दुखतंय?" आई लगेच बोलली, "पडून असले की चार आणे. गुडघा वाकवला की बारा." बारा आणे म्हणजे दहातले साडेसात. तोवर आम्हाला वाटत होतं, आईचं बरं चाललंय.

तुम्ही डॉक्टरांना फोन केलात. त्यांनी औषधाची वेळ बदलली आणि त्यानंतर व्यायाम घेणाऱ्या मॅडम येण्याआधी तासभर गोळी पोटात जाऊ लागली. आधी मॅडम येऊन जायच्या, गोळी मागून यायची. तेवढ्या बदलाने आई वॉकर धरून दारापर्यंत गेली. गोळी दिल्यावर काम संपलं असं तुम्ही कधी मानलं नाहीत. थोड्या वेळाने परत यायचात, "आता किती आणे?" फडक्यात गुंडाळलेला बर्फ, गुडघ्याखाली न ठेवता टाचेखाली ठेवलेली गुंडाळी, हे सगळं त्या हिशोबाच्या जोडीने चालू होतं.

केरळच्या सिस्टर, एकादशीला आईने गोळीला नकार दिला तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. "उपासाला काय चालतं?" एवढंच विचारलंत. ईस्टरआधी पन्नास दिवस तुमच्या घरी मांस-मासे बंद असतात, हे तुम्ही मोडक्या मराठीत सांगितलंत आणि आई खुलली. मग भगर आली, भगरीवर गोळी गेली. "गोळ्यांनी किडनी जाते," म्हणून वडील अडून बसले होते. त्यांना तुम्ही आईचा रक्ताचा रिपोर्ट दाखवलात. दुखणं दाबून माणूस पडून राहिला, खोल श्वास घेईना, पाय हलवेना, तर छातीत कफ साठतो, पायात गुठळी होऊ शकते, हेही समजावलंत. वडील दुसऱ्याच्या सांगण्याने सहसा वळत नाहीत. तुमच्या सांगण्याने वळले.

शेजारच्या खाटेवर मालेगावच्या एक खाला होत्या. त्या मोठ्याने कण्हायच्या, अल्लाला हाका मारायच्या. वॉर्डातल्या काही नातेवाइकांनी नाकं मुरडली, नाटक म्हणाले. मणिपूरच्या सिस्टर, तुमची रात्रपाळी होती. तुम्ही त्यांच्याजवळ जितका वेळ बसलात तितकाच आईजवळ. एकीचा आवाज मोठा म्हणून तिचं दुखणं खोटं धरलं नाहीत, दुसरी गप्प म्हणून तिला बरं आहे असंही धरलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "माझी आईपण अशीच, ओठ दाबून बसते. म्हणून मी हात बघते." खरंच, आईने चादर मुठीत धरलेली आमच्या आधी तुम्हाला दिसली. जोरदार इंजेक्शन दिल्यावर ती शांत झोपली, तेव्हाही तुम्ही तिचे श्वास मोजत उभ्या होतात.

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने 1968 मध्येच मांडलं होतं की, ज्याला दुखतंय तो सांगेल तेच दुखणं. वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या 2020 मध्ये सुधारली, तिच्यासोबतच्या टिपांत हेही आलं की एखाद्याला सांगता येत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असं नव्हे. हे मी घरी आल्यावर वाचलं. वॉर्डात मी ते आधीच पाहिलं होतं. तीन मुलखांतल्या तीन घरांत दुखणं सोसायच्या तीन रीती तुम्ही लहानपणापासून बघितल्या असणार. त्यातली कुठलीच तुम्ही आमच्यावर लादली नाहीत, उलट आमची रीत विचारून घेतलीत. राज्यभरच्या नर्सिंगच्या पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. ही आणेवारी तिथल्या शिकवण्यापर्यंत पोचावी, असं मला फार वाटतं.

आईचं दुखणं आता दोन आण्यांवर आलंय, तेही जिना चढताना. पुढच्या महिन्यात तपासणीला येऊ, तेव्हा लिफ्ट सोडून जिन्याने वॉर्डात यायचं असं तिने ठरवलंय. तिघींच्या ड्यूट्या कधी आहेत तेवढं कळवा, म्हणजे तीच वेळ घेते.

तुमची,
आईची धाकटी लेक