मूठ उघडली तरी चाल थांबत नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या अपडेटनंतर हातांच्या खुणा चुकीच्या ओळखल्या जाणे आणि कंट्रोलरने फिरण्याची सोय बंद होणे.

महोदय,

मी वास्तुविशारद आहे. अजून न बांधलेल्या इमारतींमधून ग्राहकांना फिरवून आणण्यासाठी मी आपला व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट दोन वर्षं वापरते आहे. गेल्या महिन्यातल्या अपडेटपर्यंत माझी काहीही तक्रार नव्हती. त्या अपडेटने हातात धरायच्या कंट्रोलरने फिरण्याची सोय काढली आणि सगळं हातांच्या खुणांवर आणलं. मूठ आवळली की पुढे सरकायचं, उघडली की थांबायचं, बोट रोखून चिमटी केली की त्या जागी उडी.

गेल्या आठवड्यात एका वयस्कर गृहस्थांना मी त्यांच्या घराचा जिना दाखवत होते. त्यांनी मूठ आवळली, थोडे पुढे सरकले आणि कुणीही उभं राहील तसे हात खाली सोडून उभे राहिले. मूठही उघडली. पण तोवर हात हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांच्या टप्प्याबाहेर गेले होते. हेडसेटला शेवटची दिसली होती ती आवळलेली मूठ, म्हणून ते सरकतच राहिले, कठड्यातून आरपार, थेट मोकळ्या जागेत. डोळे सांगतात चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो जागेवर उभे आहोत. या ओढाताणीत माणसाला मळमळतं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते दचकून मागे झुकले. मी शेजारी होते म्हणून पडले नाहीत. पुढचा अर्धा तास ते डोकं धरून बसले होते.

तुमच्या प्रतिनिधींनी मला उजेड वाढवा, बाह्या वर करा, कॅमेऱ्यांवरची काच पुसा असं सांगितलं. तिन्ही केलं. फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता, कारण हात दिसत नसताना काय करायचं हा निर्णयच इथे चुकला आहे. हात दिसेनासा झाला की चाल थांबली पाहिजे. ओपनएक्सआर या व्हीआर उपकरणांसाठीच्या सामायिक मानकात एका हाताचे २६ बिंदू धरतात, आणि एखादा बिंदू खरोखर टिपला जातोय की नुसता अंदाजाने मांडलाय, हे कळवण्याची सोयही त्यात आहे. मग अंदाजावर विसंबून तुम्ही माणसाला पुढे का ढकलता?

चिमटीचा त्रास वेगळा. पायरी किती उंच, फट किती बारीक, हे सांगताना अंगठा आणि तर्जनी जवळ आणून आपण "एवढीशी" म्हणतो. माझं तर निम्मं बोलणंच हातांनी होतं. तुमच्या हेडसेटला ती चिमटी वाटते आणि मी बोलता बोलता दुसऱ्या मजल्यावर जाऊन पोचते. शिवाय चिमटी लागायचं आणि सुटायचं अंतर एकच ठेवलेलं दिसतं. बोटं जराशी थरथरली तरी चिमटी लागते, सुटते, पुन्हा लागते, आणि एका उडीच्या जागी तीन उड्या होतात. म्हाताऱ्या हातांनी काय करायचं?

हे कोडं नवं नाही. १९८० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात संशोधक रिचर्ड बोल्ट यांनी 'पुट दॅट देअर' ही प्रणाली दाखवली. तिच्यात बोट जागा दाखवायचं आणि तोंडी आज्ञा दिली की काम व्हायचं. हात नुसता हलला म्हणून काही घडत नसे. तुमच्या खुणांमध्ये हाच दुवा गायब आहे. "आता मी फिरणार आहे" असं आधी सांगायला एखादी ठरावीक मुद्रा, एखादं बटण, काहीही चालेल.

हातांनी फिरणं मला मनापासून आवडतं. कंट्रोलर न धरता कोऱ्या भिंतीवर हात फिरवत चालणाऱ्या ग्राहकाचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणूनच एवढं लिहिते आहे.

कंट्रोलरने फिरण्याची सोय लगेच परत द्या, किंवा जुनी आवृत्ती बसवू द्या. हात टप्प्याबाहेर गेल्यावर चाल थांबेल अशी दुरुस्ती करा आणि चिमटीचं अंतर ज्याच्या त्याच्या बोटांप्रमाणे ठरवू द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हेडसेट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, ही विनंती. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे. मूठ उघडल्यानंतरचे सहा सेकंद कृपया स्वतः हेडसेट घालून पाहा.

आपली,
एक ग्राहक